हापसा मेला न्हाई

दस्तगीरमामा डाव्या पायानं लंगडत. का लंगडतात, याची पहिल्या वर्षभरात मला चार कारणं ऐकायला मिळाली आणि चारही त्यांनी स्वतःच सांगितली होती. मला सांगितलं, लग्नात घोड्यावरून पडलो. वर्कशॉपमधल्या केरळी वेल्डरला सांगितलं, उंटानं लाथ मारली. आमचा कफील, म्हणजे कंपनीचा मालक, स्वतः उंट पाळणारा. त्याच्यापुढे उंटाची थाप टिकली नसती, म्हणून त्याला बैलाचं शिंग लागल्याचं सांगितलं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. तिला विहिरीतल्या मगरीची गोष्ट एवढी रंगवून सांगितली की घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, मामा झूठ बोलते हैं, बट नाइसली."

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. सौदी अरबस्तानातल्या हुफूफमधल्या खजुराच्या बागांना पाणी देणारे पंप दुरुस्त करणं हा आमच्या कंपनीचा धंदा. मी सुट्या भागांच्या स्टोअरचा प्रमुख. प्रत्येक बेअरिंगला नंबर, प्रत्येक नंबराला खण आणि खणातलं काही हललं की माझं डोकं हललं, अशा शिस्तीचा पुणेरी माणूस. मामा जत तालुक्यातले, आडनाव मुलाणी, साठीला टेकलेले, बुटके, डोक्यावर जाळीची टोपी. वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "सायेब, गाव कंचं?" मी म्हटलं, "पुणे." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि समजूत काढल्यासारखं म्हणाले, "असू द्या. चालतंय की."

पंपाला मामा कधी बिघडलाय म्हणत नसत. पंप त्यांच्या लेखी रुसलेला असे. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर ते पंपाच्या अंगाला लावत, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटून उभे राहत. पण त्याच्याही आधी त्यांचा एक शिरस्ता होता. बागेत गेलं की आमचा इजिप्शियन इंजिनिअर बागेच्या मालकाशी बोलायला बसे, कॉफी घेई, खजूर खाई. मामा तेवढ्यात पाटाच्या टोकाला जाऊन पाणी सोडणाऱ्या बांगलादेशी गड्याला गाठत आणि त्याच्याशी उकिडवं बसून बोलत. पंप कधी ओरडतो, सकाळी की दुपारी, आधी आवाज बदलला की आधी पाणी कमी झालं. इंजिनिअरची कॉफी संपायच्या आत मामांना रोग कळलेला असे. मी एकदा विचारलं, मालकाला का नाही विचारत? म्हणाले, "मालक पानी पितो सायेब. त्येला पान्याचं काय ठावं? ज्येचा हात दुकतो त्येला इचारावं."

दुसरी एक सवय मात्र मला अजिबात आवडत नसे. पाणी पिताना मामा ग्लासवर रुमाल धरत आणि त्यातून गाळून पीत. नळाचं असो, कूलरचं असो, सीलबंद बाटली स्वतःच्या हातानं फोडलेली असो. एकदा एका बड्या बागाइतदाराच्या बैठकीत त्यांनी यजमानानं स्वतः दिलेलं पाणी असंच सगळ्यांदेखत गाळलं. तो म्हातारा पाहतच राहिला. बाहेर आल्यावर मी तणतणलो, "मामा, माणसाची काही लाज? त्यानं काय गटाराचं पाणी दिलं होतं?" मामा ओशाळले, पण एवढंच म्हणाले, "सवय हाय. जात न्हाई."

याकुबू आमच्याकडे आला तो त्याच सुमाराला. हा घानाचा, तिथल्या उत्तरेकडच्या कोरड्या भागातला. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच आणि हसला की अख्खं वर्कशॉप वळून बघेल असा. मोटारी उघडून आतली तांब्याची तार पुन्हा गुंडाळायचं काम त्यानं दोन महिन्यांत उचललं. मामा आणि तो बोलत ती भाषा अर्धी अरबी, अर्धी हिंदी आणि शिव्या तेवढ्या जतच्या. याकुबूच्या तोंडून "आयला, खलास!" ऐकलं की मला आपल्या माणसात आल्यासारखं वाटे.

एका दुपारी याकुबूला घरून पत्र आलं. त्यात फोटो होता. त्याची मुलगी रहमा, सात-आठ वर्षांची, झाडाखाली चटईवर बसलेली, उजवा पाय पुढे पसरलेला, घोट्याला फडकं बांधलेलं. याकुबूनं तो फोटो आम्हाला दाखवला नाही. त्याच्या हातातून मामांनीच घेतला. बघता बघता मामांचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, "कीडा? लंबा? धागा माफिक?" याकुबूनं मान हलवली. त्याच्या गावात लोक तळ्याचं पाणी पीत आणि दर वर्षी कोरड्या दिवसांत कुणाकुणाच्या पायांतून हातभर लांब पांढरी अळी बाहेर पडे. माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला. रहमा शाळेत जात नव्हती आणि तिची आई अजूनही त्याच तळ्यावरून घागरी आणत होती, कारण दुसरं पाणीच नव्हतं.

मामांनी पायजम्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. घोट्यापासून पोटरीपर्यंत सुरकुतलेले, चकाकते व्रण होते आणि घोटा हाडाला हाड जडल्यासारखा ताठ. मला म्हणाले, "नारू, सायेब. तुमास्नी पुन्यात ठावं नसंल." मला ठाऊक होता, पण पुस्तकातला. मामांना तो त्यांच्या गावच्या पायऱ्यांच्या विहिरीनं दिला होता, दहाव्या वर्षी. आई रोज सकाळी काडीवर तो धागा इंच-इंच गुंडाळायची. ओढायचा नसतो, धीरानं गुंडाळायचा असतो. एक दिवस आई रानात गेल्यावर पोरानं कंटाळून जोरात ओढला आणि तो आत तुटला. पाय सुजून मडक्याएवढा झाला, सांधा कायमचा धरला. "शाळा सुटली ती सुटलीच," मामा म्हणाले. त्या दिवशी मला ग्लासवरच्या रुमालाचा अर्थ कळला आणि त्या बागाइतदाराच्या दारात मी जे बोललो होतो त्याची लाज वाटली.

आता पंपवाल्यांच्या गावात राहणाऱ्याला अशा वेळी काय सुचणार? पंपच. याकुबूनं भंगारातला एक सबमर्सिबल निवडला, म्हणजे विहिरीत पाण्याखाली बुडून चालणारा विजेचा पंप. कफीलनं "ने, भंगारच आहे" म्हणून परवानगी दिली. मग दर शुक्रवारी आमचं वर्कशॉप त्याच्यामागे लागलं. कुणी मोटार भरली, केरळी वेल्डरनं जोड दिले, पाकिस्तानी टर्नरनं नवा शाफ्ट काढला आणि मीसुद्धा, खणातली वस्तू चिठ्ठीशिवाय न देणारा मी, जुने सील निवडून स्वच्छ करून दिले. वर हिरवा रंग मारून त्यावर याकुबूच्या गावाचं नाव लिहिलं. मामा महिनाभर जतला रजेवर होते. ते परत आले तेव्हा आम्ही सगळे पंपाभोवती लग्नाच्या वऱ्हाडासारखे उभे होतो.

मामांनी पंपाभोवती एक फेरी मारली. म्हणाले, "ब्येस झालाय. याकुबू, गाव में बिजली?"

"इन्शाअल्लाह, आएगा."

"कब?"

याकुबू पंपावरचा हिरवा रंग नखानं खरवडू लागला. "जनरेटर," वेल्डरनं सुचवलं.

"त्येला डिझेल कोन आननार? किती कोसावरनं? आन् बिघडला तर हुफूफला पाठवनार का?"

रोज शंभर पंप हाताळणारी आम्ही वीस माणसं, आणि विजेचा प्रश्न एकालाही पडला नव्हता. इथं सौदीत भिंतीला हात लावला की वीज असते. याकुबूला मात्र राग आला. त्यानं अरबीत ऐकवलं की तुला माझ्या गावाचं बरं व्हायला नको आहे. मामांनी तो राग न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, "पहिले क्या था उधर? कुछ तो होगा."

होतं. सात वर्षांपूर्वी कुणी परोपकारी मंडळींनी बोअर मारून हातपंप बसवून दिला होता, वर पाटी लावली होती, फोटो काढले होते. दोन वर्षांत तो बंद पडला. आता त्याला बकऱ्या पाठ घासतात, याकुबू म्हणाला. मामांनी त्याच्या हातात खडू दिला. याकुबूनं जमिनीवर चित्र काढलं: तिपाई, वर चौकोनी डबा, लांब दांडा, दांड्याच्या टोकाला सायकलसारखी साखळी. चित्र पुरं व्हायच्या आत मामा जमिनीवर बसले होते.

"आरं ह्यो तर आपला हापसा!" ते ओरडले. "सायेब, बगा की! आपला दुष्काळातला हापसा! ह्यो तिकडं कवा गेला?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सौदीला येण्यापूर्वी दस्तगीर मुलाणी अठरा वर्षं जत तालुक्यात हातपंप दुरुस्त करत हिंडत होते, आणि अठरा वर्षांत त्यांना कुणी कायम केलं नव्हतं. आपल्याकडच्या कोरड्या मुलखासाठी घडवलेला तो पंप अर्ध्या जगात पसरलाय हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दुपारी मामा मधूनच खडूच्या चित्राकडे जाऊन उभे राहत. कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी त्याभोवती चार नट ठेवले होते.

रोग कळायला रुसलेल्याचा आवाज ऐकायला हवा. तिथे जाणं शक्य नव्हतं; याकुबूचा पासपोर्ट कफीलकडे आणि त्याची रजा अडीच वर्षं लांब. पण त्याच्या गावाकडे पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची रीत होती, जशी आपल्या आखाती घरांतही होती. मामांनी निरोप दिला: पंप हापसा आणि टेप करा. रमजानमध्ये याकुबूचा एक नातेवाईक मक्केला उमऱ्याला आला, त्यानं कॅसेट आणली. ती ऐकायला आम्ही तिघं माझ्या गाडीत बसलो, कारण चालू टेप फक्त तिथेच होता.

आधी गावच्या मुखियाचं सलाम-दुआचं भाषण. ते संपता संपेना. मग आणखी दोन वडीलधाऱ्यांची भाषणं. अखेर खडाक-खडाक असा दांड्याचा आवाज, बारा वेळा, आणि एका पुरुषाचा स्वर. "बघा, काही नाही, मेलाय," याकुबूनं अर्थ सांगितला. मामांनी टेप थांबवला, मागे नेला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी काचेवर बोट आपटलं. "ही बाई काय म्हनती?"

मागे कुठेतरी दुरून एका बाईचा चढा आवाज येत होता आणि पुरुष हसत होते. याकुबूही हसला. "कुछ नहीं. मेमुना है. विधवा है, बहुत बोलती है."

"मंग आईक. बोलती कायतरी म्हनूनच बोलती."

याकुबूनं नाइलाजानं कान लावला आणि थांबत थांबत सांगू लागला. मेमुना म्हणत होती, अरे तो एका दिवसात नाही मेला. पहिल्यांदा सकाळी दहा वेळा हापसलं की पाणी यायचं. मग चाळीस वेळा लागायला लागले. मग शंभर. मग आमचे दंड भरून आले आणि आम्ही तळ्यावर गेलो. तुम्ही बारा वेळा हापसता आणि मेला म्हणता.

मामांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मग माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते. "सायेब, हापसा मेला न्हाई. बायका दमल्या."

पंप रात्रभर धरलेलं पाणी खाली सोडून देत होता. तळाची झडप आणि दट्ट्याची चामडी वायसरं गेली होती, एवढंच. पाच वर्षं एक गाव नारूचं पाणी पीत होतं ते तळहातावर मावतील अशा वस्तूंसाठी. आणि त्या गावात हे एका बाईला माहीत होतं, पण तिला विचारणं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मामांनी मग कामाला हात घातला. हुफूफच्या बाजारात चपला शिवणाऱ्याकडून जाड कातडं आणलं, भिजवून साच्यावर दाबून वाटीच्या आकाराची वायसरं घडवली, तेलात मुरवली. झडपेचं रबर मी रजेवर गेलो तेव्हा सोलापूरहून आणलं. पाइप वर खेचायचे चिमटे टर्नरनं बनवले. मामांची अट एकच होती: हे सामान मेमुनाच्या हातात द्यायचं आणि पंप तिनंच उघडायचा. याकुबू म्हणाला, मुखिया ऐकणार नाही. मामा म्हणाले, "मग सामान इथंच ठेवू. पुरुषानं नीट केला तर पुढल्या वक्ताला पुन्हा बारा डाव हापसून मेला म्हनंल." आठ दिवस दोघं या मुद्द्यावर भांडले. मी मध्ये पडून काही सुचवू पाहिलं, तर दोघांनी मिळून मला गप्प केलं. शेवटी याकुबूनं मुखियाला निरोप पाठवला की हिंदुस्तानी मेकॅनिकनं बोअरला बाईचाच हात लागतो असं सांगितलंय. थापा मारण्यात तो मामांचाच चेला झाला होता.

सूचनांची कॅसेट उसना टेप आणून आमच्या घरी भरली. मामा स्वयंपाकघरातला तवा, लाटणं आणि माझ्या मुलीची दोरी घेऊन एकेक कृती करून दाखवत, याकुबू ती आपल्या भाषेत टेपवर सांगे आणि माझी बायको दर दहा मिनिटांनी "माझं लाटणं!" म्हणून दारात येई. कॅसेट आणि सामान हजनंतर मदिनेला आलेल्या, याकुबूच्या भागातल्या एका हाजींकडे पोचवायला मामा कंपनीची प्रवासाची चिठ्ठी घेऊन बसनं गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं: हाजीसाहेब लोखंडाचं वजन बघून कुरकुरले, म्हणाले, मला झमझमचा कॅन न्यायचाय. "मी म्हनलं, हाजीसाब, त्ये बी पानी, ह्ये बी पानी. दोनी न्या. सवाब बी दुप्पट." हाजींनी आपल्या सतरंज्या मागे ठेवल्या आणि चिमटे नेले.

दोन महिन्यांनी कॅसेट आली. या वेळी भाषण नव्हतं. दांड्याचा आवाज, अकरा वेळा, आणि मग बादलीत पाणी पडल्याचा. त्यावर बायकांचा कल्ला आणि त्यात मेमुनाचा चढा आवाज. गाडीत याकुबूनं डॅशबोर्डवर डोकं ठेवलं आणि तो रडला. दुसऱ्या दिवशी तो मोठं ताट भरून मटण-भात घेऊन वर्कशॉपमध्ये आला. सगळे जेवले. मामांनी घास घेतला नाही.

"वरीस जाऊ दे," म्हणाले. "मंग खाईन."

मला त्यांचा रागच आला. एवढ्या आनंदात हे काय सोंग? पण नारूची गोष्ट तशी असते, हे मामांना अंगानं माहीत होतं. आज प्यायलेल्या पाण्यातला नारू वर्षानं बाहेर येतो. त्यांनी ते याकुबूला समजावलं. पण आनंदात कुणाला काय ऐकू येतं!

पुढच्या कोरड्या दिवसांत रहमाच्या दुसऱ्या पायातून नारू निघाला. शेजारच्या घरात दोघांना. ते पत्र हातात घेऊन याकुबू वर्कशॉपमध्ये आला आणि सगळ्यांसमोर मामांवर ओरडला. तुझा पंप खोटा, तुझी बाई खोटी, वीजवाला पंप पाठवला असता तर माझी पोरगी आज चालली असती. याकुबू थांबल्यावर मामा हळू आवाजात म्हणाले, "हा मागल्या सालचा हाय, बेटा. पुढलं साल बगू." मग त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि याकुबूच्या हातात दिला. शेतावर जाताना पोरं तळ्याचं पाणी पीत असतील तर एवढं तरी करा, घागरीच्या तोंडाला कपडा बांधा. याकुबूनं तो रुमाल जमिनीवर टाकला. दोन महिने तो मामांशी बोलला नाही. मामा रोज त्याला सलाम करत आणि उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करत.

ते पुन्हा कधी बोलायला लागले, हे मला नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस बघतो तर याकुबू मामांच्या शेजारी बसून चहात पाव बुडवत होता, एवढंच. त्यानं घरी कपड्याबद्दल कळवलं होतं, हे नंतर समजलं.

त्याच वर्षाअखेर कंपनीनं साठीच्या पुढच्या लोकांना परत पाठवायचं ठरवलं. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नवा होणार नव्हता. मामांना फायनल एक्झिट, कायमची रवानगी. मला वाटलं, माणूस खूश होईल. अकरा वर्षांत प्रत्येक पावसाळ्यात ते "औंदा जातो, बास झालं" म्हणत आलेले. पण मामा कफीलच्या ऑफिसबाहेर तीन दिवस बसून राहिले. चौथ्या दिवशी कफीलनं मला बोलावून विचारलं, याला नक्की काय हवंय? मी दुभाष्या झालो.

"मार्चअखेरपर्यंत राहू द्या," मामा म्हणाले.

"मार्चमध्ये काय आहे?"

मामांनी सांगितलं. घानातल्या एका गावात नारू निघायचे दिवस तोवर संपतात. या साली निघाला नाही तर पंप खरा. कफीलनं दोनदा विचारून खात्री करून घेतली की गाव मामांचं नाही, मुलगी मामांची नाही. मग कपाळावर हात मारून म्हणाला, वेडा आहे हा, आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली. त्यापुढे त्याचाही इलाज नव्हता.

फेब्रुवारी संपला, गावाकडून काही खबर नाही. त्यांच्या भागात मोबाइल नुकते येत होते. याकुबूचा मेहुणा शहरात जाऊन फोन करणार होता, तोही आला नव्हता. दम्मामच्या विमानतळावर मामांना सोडायला मी आणि याकुबू गेलो. मामांनी नवा पायजमा घातला होता आणि वाटभर ते याकुबूच्या मोबाइलकडेच बघत होते. आत जाताना मला मिठी मारली, "खन नीट ठेवत चला, सायेब," म्हणाले. याकुबूच्या खांद्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून याकुबू वाकला. मामा गेले. काचेपलीकडे पासपोर्टच्या रांगेत त्यांची जाळीची टोपी दिसत राहिली.

तेवढ्यात याकुबूचा मोबाइल वाजला. तो भिंतीकडे तोंड करून बोलला, ओरडून बोलला, मग काचेकडे धावला. काच जाड, आवाज जाईना. त्यानं दोन्ही तळव्यांनी काच बडवली. रांगेतली सगळी माणसं वळली, मामाही वळले. मग तो सव्वासहा फुटी माणूस त्या झगमगीत हॉलमध्ये एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय उचलून त्यानं घोट्यावर थाप मारली आणि हातानं काही नाही, काही नाही अशी खूण केली. मग दुसरा पाय. रहमाचे दोन्ही पाय साफ. एक शिपाई आमच्याकडे यायला लागला.

मामा पाहत उभे होते. त्यांच्या हातातली पिशवी खाली गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, आता तेही रडतील. पण नाही. त्यांनी हवेत बोटानं एक मोठं वर्तुळ काढलं, आणि भुवया उंचावल्या. सगळं गाव?

याकुबूचा हात खाली आला. खोटं सांगितलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, आणि थापा मारायला तो मामांकडूनच शिकला होता. त्यानं हळूच तीन बोटं वर केली. गावात तिघांना निघाला होता.

मामांनीही तीन बोटं वर केली, ती त्याच्याकडे रोखली आणि नापसंतीनं मान हलवली. मागून अधिकारी ओरडत होता, "यल्ला, यल्ला!" रांग पुढे सरकली होती, मध्ये मोकळी जागा पडली होती, आणि त्या मोकळ्या जागेत दस्तगीर मुलाणी दोन्ही मुठी आवळून, कमरेत वाकून, हवेतला दांडा हापसून दाखवत होते: खाली, वर, खाली, वर, थांबू नका.